मुडशिंग्याचा दाखला

मास्टर विरुपाक्ष वारले तेव्हा सोलापुरात त्यांच्या आठवणीसाठी एक खेळ झाला. तो संगप्पानं बिघडवला, असं मंगळवार पेठेत काही लोक अजून बोलतात. संगप्पा म्हणजे मी. बोलणाऱ्याचं तोंड कुणी धरावं? पण त्या दिवशी थेटरात मेंढरं शिरली आणि पडद्यावर जाळ दिसला, यात माझा काडीचाही हात नव्हता, हे आज स्वच्छ सांगून टाकतो. हात असला तर तो हुसेनसाबचा, आणि कारण म्हणाल तर वळसंगचा मायाप्पा धनगर. त्या माणसानं मला सहा महिने जीव नकोसा केला होता. आणि त्याच्याबद्दल बोलायला बसलो की माझ्या डोळ्यांत पाणीही येतं. दोन्ही खरं आहे, आता काय करणार.

आधी माझं काम सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तेव्हा चित्रं मुकी होती. माणसं पडद्यावर नुसती तोंडं हलवायची आणि ती काय बोलली ते मागाहून अक्षरात उमटायचं. वाचता येणारे शंभरात दहा. म्हणून मी पडद्याच्या कडेला काठी घेऊन उभा राहायचो आणि ती अक्षरं मोठ्यानं वाचायचो. वाचायचो म्हणजे काय, राजा असला की छातीतून, राणी असली की गळ्यातून, आणि कपटी प्रधान असला की एक डोळा मिटून. मराठीत एकदा, कानडीत एकदा, आणि पुढं बसणाऱ्या विणकरांच्या बायकांसाठी मोडक्यातोडक्या तेलुगूत. मागं उंचावर एका खोलीत हुसेनसाब मशीनचा दांडा हातानं फिरवायचा. तो फिरवणार आणि मी बोलणार, असं आमचं दहा वर्षं एका पत्र्याच्या थेटरात चाललं होतं. लोक मास्टर विरुपाक्षांना बघायला यायचे हे कबूल, पण ऐकायचे ते मला. निदान मायाप्पा येईपर्यंत तरी.

सोलापुरात इंग्रजांनी लावलेला मार्शल लॉ उठला त्याच्या पुढल्या सालची गोष्ट. बाजाराच्या दिवशी दुपारी मी थेटरच्या दारात पान लावत बसलो होतो. खांद्यावर घोंगडं आणि हातात काठी असलेला पन्नाशीचा एक उंच माणूस समोर येऊन उभा राहिला. मी म्हटलं, "खेळ संध्याकाळी आहे."

"खेळ नगं," तो म्हणाला. "तुमी वाचायचं काम करता म्हनं. हे वाचा की, अण्णा."

पटक्याच्या आतून त्यानं एक कागद काढला. चार घड्या, प्रत्येक घडीला घामाचा डाग. वर कुठल्याशा चित्रपट कंपनीचा शिक्का. मी घसा खाकरून वाचला. शब्द मला अजून पाठ आहेत, कारण तो कागद मी आयुष्यात किती वेळा वाचला याला हिशोब नाही.

'दाखला देण्यात येतो की, मौजे वळसंग येथील मायाप्पा धनगर यांचा एडका, नामे मुडशिंग्या, याने आमच्या कंपनीत बारा दिवस मन लावून काम केले. वर्तणूक चांगली. प्रकृतीच्या कारणाने तो पुढे काम करू शकला नाही.'

मला हसू आलं. हसणार एवढ्यात त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि पानाची शीर तोडत बसलो.

"पुन्यांदा वाचा," मायाप्पा म्हणाला.

तीनदा वाचल्यावर त्यानं सांगितलं ते असं. मागल्या हिवाळ्यात कंपनी वळसंगच्या माळावर चित्र काढायला आली. गोष्टीतला राजपुत्र धनगरांत राहतो, तेव्हा त्यांना एक रुबाबदार एडका पाहिजे होता. मुडशिंग्याचं डावं शिंग अर्धं मोडलेलं, पण उभा राहिला की पाटलासारखा. त्याची आई व्यातानाच मेली, म्हणून मायाप्पाच्या बायकोनं, केराबाईनं, त्याला शेळीच्या दुधावर घरात वाढवलेला. मूलबाळ नव्हतं. एवढा मोठा एडका झाला तरी मायाप्पाच्या पायाशी झोपायचा. आठ दिवस माळावर काम झालं. मग कंपनीवाले म्हणाले, अक्कलकोटच्या अंगाला अजून चार दिवसांचं काम आहे, एडका घेऊन जातो, आणून सोडतो.

"त्यो लारीत चढंना," मायाप्पा म्हणाला. "पाय रोवून हुबा. मग मीच मागनं ढकलला. आत गेल्यावर त्येनं वळून माज्याकडं बघितलं, आन् मी त्वांड फिरीवलं."

पाचव्या दिवशी कंपनीचा एक माणूस हा दाखला आणि एक घोंगडं घेऊन आला. धनगराच्या घरी घोंगडं! एडका तापानं गेला म्हणाला. कुठं पुरला, असं मायाप्पानं विचारलं, तर तो मोटारीच्या चाकाकडं बघत बसला. कंपनीचा तळ उठला त्या रात्री तिथं कसलं जेवण झालं हे अक्कलकोटच्या रस्त्यावरच्या सगळ्या गावांना माहीत होतं. वळसंगात तर लोक तोंडावर बोलत होते. मायाप्पाला आधी पटेना. चित्रात ज्यानं त्याच्या पाठीवर डोकं टेकलं तो त्याला खाईल कसा, असं त्याचं म्हणणं. मग हळूहळू पटलं असावं, कारण पुढं तो त्याबद्दल काही बोलायचा नाही. एवढंच म्हणायचा, "माती मिळाली न्हाय त्येला. मूठभर माती बी घालाय गावली न्हाय."

मी म्हटलं, जनावराचं एवढं काय घेऊन बसलास. हे वाक्य मी बोललो याची मला आजही लाज वाटते.

पुढं मार्गशीर्षात तेच चित्र आमच्या थेटरात लागलं. चित्राचं नाव मी सांगणार नाही, कंपनीचं आणि आमच्या मालकांचं भांडण अजून मिटलेलं नाही. गोष्ट नेहमीचीच. राजपुत्र म्हणजे मास्टर विरुपाक्ष. त्यांना सावत्र आई घालवून देते आणि शेवटी ते तलवार काढून सगळ्यांना सरळ करतात. तिसऱ्या रिळात ते माळावर एकटे बसतात, एडक्याच्या पाठीवर डोकं टेकतात आणि अक्षरं येतात, 'हे मुक्या जिवा, तुझ्यावाचून माझे दुःख कोण जाणे?' ही माझी जागा. या ओळीवर मी थेटरातले सगळे पदर ओले करायचो.

पहिल्याच मंगळवारी, बाजाराला आलेला मायाप्पा सगळ्यात पुढं जमिनीवर बसला होता. मी श्वास घेतला, आवाज कापरा केला आणि ओळ सोडली. तेवढ्यात पुढून आवाज आला. जीभ टाळूला लावून टक्‌टक्, आणि मग, "हुर्र, ये बा." आणि काय सांगू, पडद्यावरच्या एडक्यानं मान वर केली, कान टवकारले आणि सरळ आमच्याकडं बघितलं.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "ऐकलं की रं त्येनं." झालं. लोक उभे राहून मायाप्पाला बघायला लागले. माझी ओळ गेली बाराच्या भावात. पुढं राजपुत्र घोड्यावर बसला, नदी ओलांडली, प्रधानाला बुकलला, कुणाचं लक्ष नाही.

खेळ सुटल्यावर मी त्याला गाठून चांगला झाडला. तो शांतपणे म्हणाला, "अण्णा, चित्र काडताना त्यो मान वर करंना. मग त्येंनीच मला त्या यंत्राच्या अंगाला हुबा केला आन् हाक माराय लावली. मलाच बघतोय की त्यो."

खरंच होतं ते. साऱ्या सोलापुरात पडद्यावरून बघितला जाणारा माणूस तो एकटाच.

पाच आठवडे चित्र चाललं आणि पाचही मंगळवारी मायाप्पानं हाक मारली. बातमी गावभर झाली. गिरणीतले लोक पाळी सुटली की 'ऐकणारा एडका' बघायला यायला लागले. मायाप्पा नसला तरी एडका मान वर करायचाच, करणार नाही तर काय, चित्रच ते. पण लोक म्हणायचे, बघा, आता हाकेशिवाय बघायची सवय लागली त्याला. मालक खूश. एके दिवशी मला म्हणाले, "संगप्पा, त्या जागी तू जरा हळू वाचत जा, धनगराचं नीट ऐकू येत नाही." दहा वर्षं घसा फोडून वाचल्याचं हे फळ. आंधळं दळतंय आन् कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय.

पाचव्या मंगळवारी मायाप्पा मला बाजूला घेऊन म्हणाला, "त्येला एक सांगायचं ऱ्हायलंय. पर त्यो बघतो कितीसा? शब्द तोंडात येस्तवर जातो, आन् तितं घोडं येतं."

"मग लवकर बोल की."

"लवकर बोलायजोगं न्हाय त्ये," तो म्हणाला. "हुसेनसाबला म्हनावं, त्यो बघाय लागला की दांडा जरा थांबवा. लई न्हाय. पाच मोजस्तवर."

मी त्याला मशीनच्या खोलीत नेला. हुसेनसाबनं ऐकून घेतलं आणि तुटलेल्या फिल्मचा एक वीतभर तुकडा अंगणात नेऊन त्याला काडी लावली. फुर्र करून तुकडा असा पेटला की मायाप्पाचा पटका जळता जळता वाचला. "ही फिलम नाही, मियाँ, बारूद आहे," हुसेनसाब म्हणाला. "फिरत असते म्हणून वाचते. दिव्यापुढं थांबली की गेली. आणि ती पेटली तर मी जातो, हे थेटर जातं, बसलेली माणसं जातात." त्याच्या उजव्या हातावर जुन्या भाजल्याचा डाग होता, तोही दाखवला. मायाप्पानं डाग बघितला आणि म्हणाला, "मग ऱ्हाऊ द्या." पुन्हा त्यानं ती गोष्ट काढली नाही. चित्र दुसऱ्या दिवशी परत गेलं.

तरी बाजाराला आला की आमच्या दारात यायचाच. "मुडशिंग्या आला का?" मी खेकसायचो, "आला की सांगतो. तुझा पाहुणा आहे, माझा नाही." तो मान हलवायचा, कागद वाचून घ्यायचा आणि जायचा.

चैत्रात मास्टर विरुपाक्ष विषमज्वरानं वारल्याची तार आली. गावात जे झालं ते सांगितलं तर खोटं वाटेल. आमच्या पेठेतल्या दोन न्हाव्यांनी दहा दिवस कुणाच्याही मिशा मास्टरांसारख्या कापायच्या नाहीत असं ठरवलं. एक पैलवान तालमीत तीन दिवस उपाशी बसला आणि चौथ्या दिवशी एका बैठकीला तीन दिवसांचं जेवला. मालकांनी कंपनीला पत्र घातलं की एका दिवसापुरतं ते चित्र पाठवा, आम्ही श्रद्धांजलीचा खेळ करतो. चित्र आलं, पण सोबत पत्र होतं. आता बोलपट निघाले आहेत, मुक्या चित्रांना मागणी नाही, सगळी चित्रं परत मागवली आहेत, बुधवारच्या गाडीनं हे पाठवून द्यावं, पुन्हा मिळणार नाही. माझ्या पोटावर पाय येतोय हे मला त्या पत्रानं कळलं. पण आज ती गोष्ट माझी नाही.

खेळ मंगळवारी दुपारी तीनला. पत्र्याखाली, चैत्रात! आधी सभा भरली. मृतासाठी पागोटं डोक्यावर ठेवायचं की उतरवायचं, यावर तासभर वाद. गुंडा तालमवाल्याचं म्हणणं, मयताला बोडकं जातात. पेठेतल्या एका वकिलांचं म्हणणं, मानाला पागोटं पाहिजे. शेवटी असं ठरलं की मास्टर पडद्यावर असतील तेव्हा पागोटी डोक्यावर आणि नसतील तेव्हा मांडीवर. हा शहाणपणा कुणाचा ते विचारू नका. शिट्ट्या बंद. तलवारबाजीला टाळ्या चालतील, पण बेतानं.

अडीच वाजता बाहेर ढोल वाजायला लागला. जाऊन बघतो तर मायाप्पा, केराबाई, ढोल घेतलेले चार भाऊबंद आणि साठ मेंढरं. मायाप्पाच्या कपाळाला भंडारा. मालक चंदनाचा हार घेऊन मास्टरांच्या तसबिरीपाशी उभे होते, ते तसेच बाहेर आले.

"हे काय?"

"खेळ हाय न्हवं, गेलेल्यासाटनं," मायाप्पा म्हणाला.

"मास्टर विरुपाक्षांसाठी आहे."

"त्येंचा बी करा की. पर मुडशिंग्या आदी गेला. मागल्याच्या मागल्या हिवाळ्यात. थोरल्याचं ऱ्हायलं असताना धाकल्याचं कसं करता येतंय?"

मालकांनी माझ्याकडं बघितलं, मी वकिलांकडं बघितलं, वकिलांनी पागोटं डोक्यावरून काढून पुन्हा घातलं. आदी गेल्याचं आदी, ही रीत कुणी मोडायची? मागून गुंडा म्हणाला, "बराबर हाय त्याचं." त्याला मास्टरांपेक्षा एडका जास्त आवडायचा, हे मला नंतर कळलं.

"बरं, हार एडक्याला एक घालू," मालक घाम पुसत म्हणाले. "पण ही मेंढरं?"

"त्येचं गनगोत हाय," केराबाई पहिल्यांदाच बोलली. "ही निम्मी त्येचीच लेकरं. त्येंनी न्हाय यायचं तर कुनी यायचं, दादा?"

शेवटी मेंढरं बाहेर पत्र्याच्या सावलीला ठेवायची आणि ढोल वाजवायचा नाही, यावर तडजोड झाली. मुडशिंग्याची तसबीर नव्हती. मग मास्टरांच्या तसबिरीशेजारी त्याचा दाखला उभा केला आणि त्याला झेंडूचा हार घातला. बाहेरून येणारे लोक आधी दाखल्याला नमस्कार करत होते, कारण तो दाराजवळ होता.

आत जाताना मायाप्पा माझ्यापाशी थांबला. "ह्येच्यानंतर न्हाय म्हनं यायचा त्यो."

"नाही. उद्या गाडीनं चाललं चित्र."

तो आत जाऊन पुढं बसला. हुसेनसाब शेजारी उभा होता. तो जिना चढून खोलीत गेला.

खेळ सुरू झाला. पागोटी वर, पागोटी खाली, पागोटी वर, पागोटी खाली. मास्टर घडीघडी येत-जात होते, म्हणून पहिल्या रिळातच लोकांचे हात भरून आले. दुसऱ्या रिळात उकाड्यानं त्या उपाशी बसलेल्या पैलवानाला भोवळ आली, त्याला लोकांनी अतीव दुःख समजून पाणी मारलं. मी मात्र त्या दिवशी असा वाचत होतो की आजवर कधी वाचलं नव्हतं. शेवटचं वाचतोय हे मला माहीत होतं.

तिसरं रीळ. माळ आला. मास्टरांनी एडक्याच्या पाठीवर डोकं टेकलं. अक्षरं उमटली. मी ओळ म्हटली. खोटं सांगत नाही, त्या दिवशी मी ती हळू म्हटली.

"हुर्र, ये बा," मायाप्पानं हाक घातली.

मुडशिंग्यानं मान वर केली. आणि बाहेर, पत्र्यापलीकडं, साठ मेंढरांनी ओ दिली. बिचाऱ्यांना काय ठाऊक हाक कुणाला आहे. धन्यानं बोलावलं म्हणजे जायचं. दारावरचं काळं कापड फाटलं आणि सगळी मेंढरं बें बें करत आत. विणकर बायकांनी पाय वर घेतले, वकील बाकावर चढले, पागोट्यांचं काय करायचं ते कुणालाच आठवेना. मालक ओरडत होते. मी काठी उगारली आणि सहज पडद्याकडं नजर गेली.

मुडशिंग्या अजून बघत होता.

घोडं आलं नव्हतं. एडका तसाच मान वर करून उभा, कान टवकारलेले, मोडकं शिंग, शेजारी मास्टरांचं डोकं. दहा वर्षांत थांबलेलं चित्र मी पहिल्यांदा बघितलं. मायाप्पा उठून उभा राहिला. गुडघ्यापर्यंत मेंढरं. तो हळूच बोलला, पण मी चार हातांवर होतो, मला सगळं ऐकू आलं.

"मी ढकलला तुला. तू नगं म्हनत हुतास. त्वांड फिरीवलं ते रडाय आलं म्हून रं. दुसरं काय न्हाय."

त्याचं बोलणं संपलं आणि मोडक्या शिंगापाशी एक तांबूस डाग उमटला. तो पसरला, काळा झाला, फुगला, आणि एडका, मास्टर, माळ, सगळं पडद्यावर जळून गेलं. मग नुसता पांढरा उजेड, आणि मग अंधार. मागं खोलीत धाडकन झाकण पडल्याचा आवाज झाला आणि ओल्या पोत्याचा वास आला.

मी पळालो नाही याचं कारण शौर्य नव्हे, पायांत मेंढरं होती. कुणीच पळालं नाही. पुढच्या बायकांनी हात जोडले. त्यांना वाटलं हे चित्रातच आहे, मास्टरांचा अग्नी आहे हा. त्यांचं बघून मागच्यांनी हात जोडले, वकिलांनी बाकावर उभ्या उभ्या जोडले, आणि मालक शिव्या द्यायला तोंड उघडून उभे होते, त्यांनीही शेवटी हात जोडले. मेंढरंसुद्धा गप्प झाली. मायाप्पानं पटक्यातून भंडारा काढून पडद्याकडं उधळला.

वीतभरच फिल्म जळाली होती. हुसेनसाबनं ओलं पोतं आधीपासून मांडीवर घेऊन ठेवलं होतं. मालकांनी त्याला फैलावर घेतलं. दांडा थांबला कसा, माणसं मेली असती, कंपनीला काय सांगू? हुसेनसाब म्हणाला, "हात दुखला."

"दहा वर्षांत कधी दुखला नाही तो?"

"म्हणूनच दुखला असंल," तो म्हणाला आणि भाजलेल्या दोन बोटांवर फुंकर मारत बसला.

जळक्या जागेच्या दोन्ही अंगांची चार-चार बोटं कापून त्यानं फिल्म जोडली. कापलेला तुकडा चुन्याच्या रिकाम्या डबीत घातला आणि मायाप्पाच्या हातात दिला. कंपनीचं आणि मालकांचं भांडण आहे ते याच तुकड्यावरून. त्या जागी आता एडका मान वर करतच नाही, डोकं टेकून बसलेला राजपुत्र एकदम घोड्यावर दिसतो, असं कंपनीनं लिहिलं होतं.

रविवारी मायाप्पाचा निरोप आला. मी जाणार नव्हतो. चुन्याच्या डबीच्या मयताला कोण जातं? पण हुसेनसाब बोटांना फडकं बांधून दारात उभा, म्हणाला, चल, बैलगाडी थांबलीय. वळसंगच्या माळावर, जिथं चित्र काढलं तिथंच, मायाप्पानं एक खड्डा खणला होता. हातभर खोल. कोल्ह्यानं उकरू नये म्हणून, असं तो म्हणाला. भाऊबंद, शेजारी, मेंढरं, सगळे जमले होते. केराबाईनं डबी पदरात धरली होती, शेळीचं दूध पिण्याइतका तो लहान होता तेव्हा त्याला धरायची तशीच, असं ती कुणाला तरी सांगत होती.

डबी खाली ठेवली. मायाप्पानं पटक्यातून दाखला काढला. "वाचा, अण्णा."

मी दहा वर्षं राजे, राण्या आणि प्रधान रडवले, पण त्या माळावर एडक्याच्या दाखल्याला कुठला आवाज लावायचा, छातीतला की गळ्यातला, ते ठरेना. कसातरी वाचला. बारा दिवस मन लावून काम केले. वर्तणूक चांगली.

"त्या बिचाऱ्या मास्टराचं बी नाव घ्या," मायाप्पा म्हणाला. "त्येचं बी डोस्कं हाय की डबीत. एकाच कंपनीतले दोगं."

मग मी पुन्हा वाचलं आणि मुडशिंग्याच्या नावानंतर मास्टर विरुपाक्षांचं नाव घातलं. साऱ्या मुलखात मास्टरांच्या कामाबद्दल इतकं काय काय छापून आलं होतं, पण त्यांनी मन लावून काम केलं असं सरळ कुणी म्हटलं नव्हतं.

मला वाटलं आता कागद परत पटक्यात जाईल. त्यानं तो चार घड्या घालून डबीवर ठेवला.

"अरे, असू दे की जवळ," मी म्हटलं. "एवढीच तर खूण राहिली त्याची."

"मला कशाला?" मायाप्पा म्हणाला. "त्येलाच लागंल. तितं कुटं काम मागाय गेला, तर दाखवाय नगं?"

त्यानं पहिली मूठ टाकली. मग केराबाईनं, मग हुसेनसाबनं डाव्या हातानं. माझी पाळी आली तेव्हा मी खाली वाकलो आणि दोन मुठी टाकल्या.